माझ्या कमरेवरचं रिव्हॉल्वर

मी, प्रयागबाई सोनाजी पतंगे, वय वर्षे एकाहत्तर, धंदा हळदीची आडत, राहणार जुना मोंढा, वसमत, जिल्हा हिंगोली, हे मृत्युपत्र माझ्या हातानं आणि माझ्याच अकलेनं लिहून ठेवते. मला कोणी धाक घातलेला नाही. धाक घालील असं एकच माणूस होतं, माझ्या सासूबाई, आणि त्या केव्हाच गेल्या. गुडघे सोडले तर तब्येत ठणठणीत आहे. डॉक्टर सपना यांनी परवा मंगळवारी मला तपासून दाखला दिला. त्यांनी विचारलं, "आजी, आज वार कोणता?" मी म्हणाले, "मंगळवार, आणि तुमच्या भिंतीवरचं कॅलेंडर मागच्या महिन्याचं आहे." बाईंनी लगेच सही केली.

वकील रविंद्र यांनी करून दिलेला मसुदा एका पानात संपत होता. माझी पानं पाहून ते म्हणाले, "काकू, मृत्युपत्रात एवढं बोलायचं नसतं." म्हटलं, मेल्यावर बोलता येत नाही म्हणून तर लिहायचं. काय दिलं ते लिहिलं आणि काहून दिलं ते नाही लिहिलं, तर मागं राहिलेले आपापल्या मनानं कारणं जोडतात आणि भांडतात.

घर, शेत आणि दुकानाची वाटणी कोणीही केली असती. मी लिहायला बसले ती वेगळ्याच गोष्टीसाठी. माझ्या कमरेला परवान्याचं बत्तीस बोरचं रिव्हॉल्वर असतं. माझा एकुलता एक मुलगा बालाजी ते माझ्यामागं त्याला मिळावं म्हणून हटून बसला आहे. ते त्याच्या हाती जाऊ नये, माझा प्राण गेला त्या गडबडीतसुद्धा जाऊ नये, अशी माझी इच्छा आहे. बाकीची कलमं ओघानं आली.

कलम १. राहतं घर बालाजी आणि सून सुनिता या दोघांच्या नावे, निम्मं निम्मं. वकील म्हणाले, नवराबायकोत निम्मं कशाला लिहायचं, एकच तर घर. मी म्हणाले, लिहा. ओसरीवरचा झोपाळा मात्र एकट्या सुनिताचा. तिला त्यावर निवांत बसलेलं मी कधी पाहिलं नाही, निदान हक्कानं तरी बसेल.

कलम २. शेत बालाजीचं. तो शेतीत कष्टाळू आहे, हे मी मोकळ्या मनानं लिहिते. शेतातली विहीर माझ्या दिरांच्या घराशी सामाईक आहे आणि पाण्याची पाळी ठरलेली आहे. ती पाळी बालाजीनं आणि माझा पुतण्या सोमेश्वर यानं पाळायची. दुसऱ्याच्या पाळीत मोटर बंद करायला जो जाईल त्यानं आधी मला आठवावं. या विहिरीपायी काय होता होता राहिलं ते पुढं येईल.

कलम ३. आडतीचं दुकान, काटा, गोदाम आणि दुकानाचं नाव सुनिताला. बालाजीला याचा राग आहे. असू दे. हळकुंड मोडून नुसत्या आवाजावर माल किती वाळला ते ती सांगते, आणि शेतकऱ्याला "बसा, पाणी घ्या" म्हटल्याशिवाय भावाचं बोलत नाही. बालाजी दुकानात आला की पहिल्यांदा पंखा मोठा करतो आणि सगळी हळद उडवतो. बँकेतली ठेव नात प्रतिक्षा हिच्या शिक्षणाला. ती काय शिकणार हे तिनंच ठरवावं, कोणी मधे तोंड घालू नये.

कलम ४. माझी धाकटी जाऊ, सोमेश्वरची आई सुमनबाई, हिला माझी गर्भरेशमी साडी. तिच्यावर माझ्या बऱ्याच तक्रारी आहेत. माझ्या भाजीत मीठ कमी असतं हे ती चार बायांत सांगते. मला परवाना मिळाला तेव्हापासून ती मला "फौजदारीण" म्हणते आणि तिचं ऐकून सगळा मोंढा म्हणायला लागला. तिला कुठलीही गोष्ट बेतात करता येत नाही, गाठ मारील तर अशी की कात्रीच लागावी. तरी या सगळ्या तक्रारी मी आज माफ करते. साडी तिनं नेसावी, पेटीत ठेवून कसरीला घालू नये.

कलम ५. आता रिव्हॉल्वर.

मालक गेले आणि आडत माझ्यावर आली. तेव्हा सगळा व्यवहार रोखीचा. बँकेतून रक्कम काढायची, जीपमध्ये घालून मोंढ्यात आणायची, शेतकऱ्यांना द्यायची. त्या हंगामात दोघांनी मोटारसायकलवरून येऊन एका व्यापाऱ्याच्या डोळ्यांत मिरचीपूड टाकली आणि पिशवी नेली. माणसाचा एक डोळा कायमचा गेला. माझ्याकडं पुरुषमाणूस न्हाई, पोरगं शाळेत. मी हिंगोलीला जाऊन अर्ज टाकला. चौकशीला आलेले साहेब म्हणाले, "बाई, तुमी गोळी चालवाल?" मी म्हणाले, "चालवायची वेळ येऊ नये म्हणून मागून राहिले." ते हसले, पण त्यांनी कागद पुढं पाठवला.

नांदेडच्या दुकानदारानं तर कहरच केला. म्हणे, "साहेबांना घेऊन या, पकड त्यांच्या हाताची बघू." म्हटलं, साहेब वारले, हात माझाच आहे, तो बघा. मग त्यानं भलंथोरलं पिस्तूल समोर ठेवलं. ते उचललं तर मनगट खाली जायला लागलं आणि वरचा भाग मागं ओढायचा तर माझ्या दोन्ही हातांनी ओढेना. तो म्हणाला, "सवयीनं जमेल." दुसरं एक इतकं पिटुकलं दाखवलं की मुठीत दोनच बोटं मावायची. म्हणे लेडीज आहे. अगं बाई! बोटं काय लेडीजला दोनच असतात? शेवटी मी बत्तीसचं रिव्हॉल्वर उचललं. मूठ हातात भरली, चाप माझ्या बोटानं नीट दाबला गेला, आणि उघडून पाहिलं की चक्रीत काडतूस आहे की नाही ते डोळ्यांना दिसतं. बाकीची हत्यारं चांगली नसतील असं नाही, मला मात्र जे दिसतं त्याचाच भरवसा वाटतो. ते घेतलं, रीतसर चालवायला शिकले. नेम बेताचाच आहे. सरावाच्या जागेबाहेर मी आजपर्यंत एकही गोळी झाडलेली नाही आणि याचा मला अभिमान आहे.

घेणं सोपं निघालं, अंगावर वागवणं अवघड. दुकानदारानं दिलेलं होल्स्टर पँटच्या पट्ट्याला अडकवायचं होतं आणि मी नेसते नऊवारी लुगडं. आधी पिशवीत ठेवून पाहिलं. एक दिवस पिशवी काट्याजवळ ठेवली, बोलता बोलता गोदामात गेले, आणि तिथं गेल्यावर आठवण झाली. पळत परत आले. पिशवी जिथल्या तिथं होती, पण त्या दिवसापासून पिशवी बंद. मग ओच्यात खोचून पाहिलं. बसलं की पोटात रुतायचं, उठलं की घसरायचं, आणि मे महिन्याच्या घामानं कमरेला रॅश उठली. सुमनबाई म्हणाली, "असं कसं चालून राहिलात, काटा मोडला काय पायात?" चार दिवसांत मी ते काढून कपाटात ठेवायला लागले. कुलूप लावायचे, पण घरातल्या कुलपाची किल्ली कुठं असते हे घरातल्या लेकराला ठाऊक असतंच. माझा जीव दुकानात लागेना.

कळमनुरीच्या बाजारात महेबूबभाई बैलांचे घुंगुरपट्टे आणि वरातीच्या घोड्यांचे जीन विकायला बसायचे. त्यांना सांगितलं, बाईमाणसाला दिवसभर घालता येईल असं करून द्या. ते म्हणाले, "भाभी, खरं हत्यार मी घरात ठेवून घेणार न्हाई." बराबर होतं. मी सुताराकडून तसंच्या तसं लाकडी करून घेतलं आणि ते घेऊन त्यांच्या घरी गेले. माप घ्यायची वेळ आली तर महेबूबभाई लाजून बाहेर जाऊन बसले, आणि त्यांची बायको खतीजाबी टेप घेऊन पुढं आली. पडदा ओढला. ती मला म्हणे, "बैठो. उठो. झुको. अब जीप में चढते वैसा पाँव उठाओ." मी उठाबशा काढून राहिले आणि ती माप ओरडून बाहेर सांगून राहिली. बाहेरून महेबूबभाईंनी विचारलं, "कमर कितनी बोली?" तर ही म्हणते, "जितनी बोली उतनीच काटो, बैल का समझ के मत काटो!" आम्ही दोघी पडद्याआड इतक्या हसलो की टेप खाली पडला. ती ओळख आजपर्यंत टिकली आहे.

पहिला पट्टा जमला नाही. जीपच्या सीटला मागून टेकलं की हाडाला लागायचं. खतीजाबीनं मला वेताच्या स्टुलावर बसवून पाहिलं आणि ते उजवीकडं थोडं पुढं घ्यायला लावलं, जरा तिरपं, म्हणजे वाकलं तरी पोटाला टोचत नाही. पट्टा चांगला रुंद केला, वजन सगळ्या कमरेवर पसरलं. चाप पुरता झाकलेला. हत्याराच्या घोड्यावरून बटणाची पट्टी, ती अंगठ्यानं सुटते, आपोआप सुटत नाही. तोंड असं कडक की रिव्हॉल्वर न बघता परत आत जातं. महेबूबभाईंनी बजावलं, "तेल नका लावू, नरम पडलं की पकड जाते." वरून पदर घेतला की कोणाला दिसत नाही. पहिल्या दिवशी ते घालून मी मोंढा केला, स्वयंपाक केला, लग्नाच्या पंगतीत वाढलं, आणि रात्री लुगडं सोडताना आठवलं की अरे, हे कमरेला आहे. त्यानंतर ते कपाटात ठेवायची गरज पडली नाही. झोपेपर्यंत अंगावर आणि झोपताना उशीखालच्या पेटीत, किल्ली माझ्या गळ्यात.

माझ्यामागं कोणी शहाणं माणूस असलं हत्यार घेणार असेल तर त्याच्यासाठी लिहून ठेवते. लोक विचारतात, किती दमाचं आहे, किती लांब जातं. दिवसभर अंगावर राहील का, हे विचारा. जे टोचतं ते माणूस काढून ठेवतो, आणि काढून ठेवलेलं दुसऱ्याच्या हाती लागतं.

कलम ६. दसऱ्याची हकीकत. ही लिहिल्याशिवाय पुढचं कलम कोणाला पटणार नाही.

वर्षातून एकच दिवस ते दिवसाउजेडी माझ्या कमरेवरून उतरायचं, दसऱ्याला, शस्त्रपूजेला. ओसरीवर पाट मांडून त्यावर तराजू, विळे, ट्रॅक्टरची किल्ली, आणि मधोमध रिव्हॉल्वर. मी विधवा, म्हणून हळदकुंकू वाहायचा मान सुमनबाईचा. आणि आमच्या घराण्याची रीत अशी की रिकामं शस्त्र पुजायचं नाही, रिकामी ओटी भरत नाहीत तसं. म्हणून काडतुसं घालूनच ते पाटावर ठेवायचे. एवढी अडाणी रीत दुसरीकडं कुठं असेल असं मला वाटत नाही. पण आमी सगळे भक्तिभावानं पाळायचो.

त्या दसऱ्याला सकाळी विहिरीवर वाजलं होतं. बालाजीच्या पाळीत सोमेश्वरनं मोटर बंद केली, बालाजीनं शिवी दिली, सोमेश्वरनं मयत बापाचं नाव काढलं. दुपारपर्यंत बालाजी काही जेवला नाही, नुसता येरझारा घालून राहिला. दुपार कलल्यावर सोमेश्वर हातात आपट्याची पानं घेऊन दारात आला. भांडण असो की काही असो, मोठीमायला, म्हणजे मला, सोनं द्यायला येणारच, असा तो. त्याला बघितलं आणि बालाजीनं पाटावरचं रिव्हॉल्वर उचललं.

मी पाटापासून चार हातांवर होते, पण गुडघ्यांनी तेव्हाच दगा द्यायला सुरुवात केली होती. ओरडले, "सोमेश्वर, पळ!" तो पळाला नाही. तिथंच उभा. म्हणतो, "मोठीमाय, सोनं द्यायचंय."

आणि बालाजीला ते चालवता येईना. सुमनबाईनं नाडापुडीतला लालपिवळा नाडा त्याला असा गुंडाळला होता की विचारता सोय नाही. नळीवरून, चक्रीवरून, चापाच्या कड्यातून आरपार, वरून ओल्या हळदीकुंकवाचा लेप, आणि गाठ मारली ती तिची नेहमीची. बालाजी नखानं ओढतोय, सुटेना. मग त्यानं दातानं धरलं. अंगणात सगळे थिजून उभे, आणि माझा पोरगा चुलतभावाला मारायला निघालेला, दातानं नाडा तोडून राहिला. ओठ, नाक, मिशा, सगळं लाल आणि पिवळं. सुनिता पांढरीफटक पडली होती, आणि तेवढ्यात काय झालं कोण जाणे, तिला हसू फुटलं. हसताना डोळ्यांतून पाणी चाललं होतं. ती म्हणाली, "अहो, तोंड बघा तुमचं!"

बालाजी थांबला. त्यानं एका हातानं तोंड पुसलं, हाताकडं बघितलं, आणि त्याच्या अंगातलं वारं गेलं. मी जाऊन त्याच्या दुसऱ्या हातातून रिव्हॉल्वर घेतलं. त्यानं ते सोडलं, अगदी सहज. मग खाली बसून तो लहान लेकरासारखा रडला. सोमेश्वरनं मला पानं दिली, पाया पडला, आणि निघून गेला. सुमनबाई आतून आरतीचं ताट घेऊन आली तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. तिला कोणी काही सांगितलं नाही. आज या कागदातून तिला कळेल, आणि तिच्या गाठीची तक्रार मी काहून माफ केली तेही कळेल.

पुढच्या दसऱ्यापासून मी पाटावर नुसतं रिकामं होल्स्टर ठेवते. रिव्हॉल्वर माझ्या कमरेला, पदराखाली, दुसऱ्या कापडी पट्ट्यात. तो पट्टा टोचतो, पण एक दिवस सोसते.

कलम ७. बालाजीचं म्हणणं मी इथं न्यायानं लिहिते. तो म्हणतो, "आई, आता मी चाळिशीचा झालो. मार्केट कमिटीला उभा राहायचंय. चार माणसांत वजन पडतं." त्याला ते शर्टावरून दिसेल असं लावायचं आहे. दिसावं म्हणून जो लावतो तो कधीतरी काढून दाखवतो, एवढं मला कळतं. आणि गरज तर कोणालाच उरलेली नाही. आता शेतकऱ्याचे पैसे फोनवरून त्याच्या खात्यात जातात, जीपमध्ये माझ्यासंग पाण्याची बाटली असते. मग मी तरी काहून वागवते? खोटं कशाला बोलू, मला आवडतं म्हणून. माझं आहे, माझ्या मापाचं आहे.

म्हणून ठरवते ते असं. रिव्हॉल्वर कोणाही वारसाला मिळणार नाही. तसंही परवाना माझ्याबरोबर संपतो आणि वारसाला नवा मागावा लागतो. तसा अर्ज घरातल्या कोणी करू नये. मी घरात, दुकानात, कुठंही मेले तरी माझ्या अंगाला पहिला हात सुनितानं लावावा आणि पुरुषांना खोलीबाहेर काढावं. आधी ठाण्याला फोन करून महिला पोलीस बोलवावी, आणि तिच्यासमोर बटण सोडून, नळी जमिनीकडं ठेवून, उघडून काडतुसं बाहेर काढावीत. मी सुनिताला शिकवलं आहे, तिला नीट येतं. मग वकील रविंद्र यांनी ते जमा करून पावती घ्यावी आणि नष्ट करण्याचा अर्ज द्यावा. त्यानंतर मला आंघोळ घालावी. रडायचं ते त्यानंतर, हवं तेवढं.

कलम ८. होल्स्टर आणि पट्टा खतीजाबीला. महेबूबभाईंचे डोळे आता काम देत नाहीत, पण तिची कात्री चालते. तिनं त्याचा तिच्या बकरीला गळपट्टा करावा. चामडं अजून पंचवीस वर्षं जाईल. माझं पितळी पानदानही तिलाच, सुपारीसकट.

कलम ९. बालाजी, हे तुझ्यासाठी. माझ्याशी वाद घालताना तू दर वेळी म्हणतोस, "त्या दसऱ्याला काय झालं? काहीच तर झालं नाही." व्हय बाबा. काहीच झालं नाही. तू तुरुंगात गेला नाहीस, सोमेश्वर मेला नाही, सुनिता विधवेसारखी जगली नाही, प्रतिक्षानं शाळेत बापाचं नाव मान खाली घालून सांगितलं नाही. मी तुला शेत दिलं, अर्धं घर दिलं, पण माझ्या मनानं मी तुला देऊन चालले ते हेच, काहीच न झालेलं. ते सांभाळ. तू माझा फार लाडका आहेस. रागीट आहेस, माझ्यावरच गेलास. म्हणून देत नाही.

हे मी वाचून, समजून, सुखानं सही केली. आयुष्य मजेत गेलं. कोणाचं वाईट चिंतून जात नाही.

सही: प्रयागबाई सोनाजी पतंगे

साक्षीदार पहिले: डॉक्टर सपना. आजींनी माझ्यासमोर सही केली. कॅलेंडर बदललं आहे.

साक्षीदार दुसरे: सोमेश्वर पतंगे, मयत सोनाजींचा पुतण्या, शेती. मोठीमायनं माझ्यासमोर सही केली. सगळा कागद तिनं मोठ्यानं वाचून दाखवला, तेव्हा बालाजी माझ्या शेजारी बसला होता. नववं कलम वाचून झालं. मग माझ्याकडं पेन नव्हता तर त्यानं खिशातला त्याचा दिला. त्याच पेनानं मी ही सही करून राहिलो.

ठिकाण: वसमत, जिल्हा हिंगोली
तारीख: १३ नोव्हेंबर २०२५